नळदुर्गचा उपास

न्हाणीतल्या दगडावर बसून सोमलिंगप्पांनी दुसरा तांब्या डोक्यावर ओतला आणि गळ्यातला शिवदोरा तुटला. झटकाबिटका काही बसला नव्हता. दोरा आतून कुजलेलाच होता, भिजला आणि सुटला. छातीवरची चांदीची डबी पोटावरून घरंगळत दगडावर पडली, झाकण एकीकडे गेलं आणि डबी एकीकडे. आवाज इतका पोकळ आला की अंगावर कढत पाणी असूनही सोमलिंगप्पांना शिरशिरी आली. वाकून त्यांनी डबी उचलली, आत बोट फिरवलं, उलटी करून तळहातावर आपटली. डबीत लिंग नव्हतं.

आधी वाटलं, आत्ताच पडलं असेल. नळदुर्गच्या त्यांच्या मित्रानं, चाँदपाशानं, पाहुण्यांसाठी उघडून दिलेलं हे घर कित्येक दिवस बंद होतं, न्हाणी अंधारी होती आणि मोरी म्हणजे नुसती दगडांमधली फट. उमरग्याच्या अडत बाजारात ज्यांनी मान हलवल्याशिवाय तुरीचा भाव फुटत नसे ते सोमलिंगप्पा ओल्या धोतरानिशी गुडघे टेकून मोरीत हात घालून बसले. शेवाळ हाताला आलं, मोडक्या फणीचा तुकडा आला, मग एक चिंचोका आला. चिंचोका लागला तेव्हा क्षणभर जीव भांड्यात पडला. उजेडात धरून पाहिला आणि फेकून दिला. मग त्यांनी डबी पुन्हा नीट पाहिली. लिंग जिथे बसायचं ती आतली खोबण काळीठिक्कर पडली होती. रोज त्यातून काही काढलं-घातलं असतं तर चांदी अशी काळवंडली नसती. म्हणजे हे आजचं नव्हतं. डबी कधीपासून रिकामी होती कोण जाणे, आणि ती तशीच गळ्यात घालून ते हिंडत होते, व्यापार करत होते, दोन्ही वेळा जेवत होते.

पाळण्यात असताना मठातल्या स्वामींनी बांधलेलं ते लिंग. त्यांच्या लिंगायत जातीत ज्याचं त्याला असतं, बाईला तिचं, पुरुषाला त्याचं. आंघोळ झाली की डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि मगच तोंडात पाण्याचा थेंब घालायचा. आणि ते गेलं, तर स्वामींच्या हातून नवं मिळेपर्यंत अन्न नाही आणि पाणीही नाही. सगळा जन्म घासाघीस करण्यात गेलेला हा माणूस, पण या एका गोष्टीत घासाघीस असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. डबी आपण शेवटची कधी उघडली, हे आठवायला ते त्या दगडावर तसेच बसून राहिले. पाणी निवत गेलं. श्रावणातले सोमवार आठवले, त्यात डबी नव्हती. पोरीचं, महादेवीचं लग्न आठवलं, मांडवात उभं राहून दुखलेले पाय आठवले, डबी आठवली नाही. आंघोळ झाली की डबीला हात लावायचा, तो हात डोळ्यांना लावायचा आणि पाटावर बसायचं, एवढंच आठवत होतं. पूजा उद्यापासून करू. हे उद्यापासून कधी सुरू झालं, ते मात्र त्यांना पक्कं माहीत होतं. गेल्या साली आखाडात घरात मुदतीचा ताप शिरला. आधी सिद्धेश्वर पडला, मागोमाग ते स्वतः. मधल्या दाराच्या एका अंगाला पोरगा आणि दुसऱ्या अंगाला बाप. एके दिवशी ताप जरा उतरला, डोळे उघडले, तर दाराच्या पलीकडची बाज उभी करून ठेवलेली दिसली. पोराला माती देऊन लोक घरी आलेसुद्धा होते. एकुलता एक पोरगा, हैदराबादच्या कॉलेजात शिकणारा, आणि बापानं त्याला शेवटचं पाहिलंही नाही. त्यानंतर हात कशालाच उचलत नव्हते. डबी उघडायची म्हणजे मन एका जागी आणून बसवायचं, आणि मन बसवलं की ती उभी करून ठेवलेली बाज समोर यायची. त्यापेक्षा उद्या बरा.

"आप्पा, झाली का न्हाय आंघोळ? हे खोळंबल्यात तुमच्यासाठी!" दाराबाहेरून महादेवीनं हाक मारली. सोमलिंगप्पांनी शिवदोऱ्याच्या दोन टोकांची गाठ मारली, डबी मिटली आणि गळ्यात घातली. घातल्यावर ती कालच्याइतकीच जड लागली. त्याचा त्यांना जास्त राग आला.

हे खोळंबलेले म्हणजे जावईबापू, विरुपाक्ष. हैदराबादला रेल्वेच्या कचेरीत नोकरीला, अंगानं गुटगुटीत, मनानं निर्मळ, आणि खाण्याचं नाव काढलं की चेहऱ्यावर दिवे लागणारा माणूस. वर्षाच्या आत घरात मंगलकार्य व्हावं म्हणून वैशाखात घाईघाईनं लग्न उरकलं. जावई राहायला असा आत्ता आश्विनात पहिल्यांदा आला होता. त्यानं नळदुर्गचा किल्ला पाहिला नव्हता. मग काय, सासूनं मनावर घेतलं. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नव्हतं, कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या मोटारीतून काल संध्याकाळी ही चौघं उमरग्याहून नळदुर्गला उतरली होती. दोन दिवस राहायचं, किल्ला बघायचा, धबधबा बघायचा आणि मधल्या वेळात जेवायचं. कुठे काय खायचं याचा बेत विरुपाक्षनं मोटारीतच केला होता. सोमलिंगप्पांना मोटारीत नुसती झोप येत होती. सगळ्यांनी आनंद करायचा असं ठरल्यावर त्यांना हल्ली फार थकवा यायचा.

ओसरीवर चुरमुऱ्यांचा सुशीला वाढून ठेवला होता, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. वाफा निघत होत्या. विरुपाक्ष पाहुणचाराच्या रीतीप्रमाणे सासऱ्यासाठी थांबला होता, पण त्याची नजर ताटलीवरून हलत नव्हती. "बसा मामा," तो म्हणाला, "गार झाला की चुरमुऱ्यांत मजा राहत नाही."

"तुम्ही घ्या जावईबापू. माझं पोट काही ठीक न्हाय आज. लंघन करतो जरा."

"मोटारीनं ढवळलं असंल," महादेवी म्हणाली. "चहा तरी घ्या."

"चहा बी नको."

त्यांची बायको इरम्मा चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं. तिची नजर त्यांच्या तोंडावरून खाली आली, छातीवरच्या नव्या गाठीवर जरा थांबली आणि परत चुलीकडे गेली. सोमलिंगप्पांनी उपरणं ओढून घेतलं.

सांगायचं का नाही, असा विचार त्यांनी किल्ल्याच्या वाटेवर केला. सांगितलं की काय होईल हे तर दिसतच होतं. इरम्मा हातातलं टाकून उठेल. नवरा उपाशी म्हणजे ती उपाशी, आईबाप उपाशी म्हणजे महादेवी उपाशी, आणि मग तो बिचारा गुटगुटीत जावई कुठल्या तोंडानं खाईल? बिऱ्हाड गुंडाळून मिळेल त्या मोटारीनं उमरग्याच्या मठात धाव घ्यायची. ते एक वेळ झालं असतं. पण स्वामी विचारतील, कधी हरवलं? काय सांगायचं? ठाऊक नाही म्हणून सांगायचं? महिनोन् महिने डबी उघडली नाही म्हणून सांगायचं? जावई हैदराबादला जाऊन आपल्या आईला सांगेल, वाईट हेतूनं नाही, बोलता बोलता सांगेल. आणि मग महादेवीला जन्मभर ऐकावं लागेल, तुझ्या बापानं लिंगाशिवाय जेवणं केली. आधीच भाऊ गेलेली पोरगी. नाही, सांगायचं नाही. न सांगता उद्या संध्याकाळपर्यंत कळ काढायची, उमरग्याला पोचल्यावर एकट्यानं मठात जायचं. अन्नपाण्याशिवाय दोन दिवस. या वयात जमेल का, हे पाहायचं होतं.

आणि दुसऱ्याला त्यांनी सोडलं होतं का? हेही वाटेतच आठवलं, आठवायचं नव्हतं तरी. माकणीला एका लग्नात पंगत बसली होती. वाढून झालं, घास उचलायचा, तेवढ्यात कोणीतरी कुजबुजलं की पलीकडे बसलेल्या बिभीषण नावाच्या तरण्या पोराचं लिंग तेरणेत पोहताना गेलंय आणि त्यानं अजून नवं घेतलेलं नाही. सोमलिंगप्पा हात झटकून उठले होते. "लिंगाबिगर जेवणाऱ्याच्या पंक्तीला म्या बसत नसतो," असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते. ते उठले म्हणून त्यांच्या बाजूचे उठले. शेजारी मिसरूड फुटू लागलेला सिद्धेश्वर बसला होता, त्यानं पुरणपोळीचा घास तोंडात घातलेला होता. त्यालाही दंडाला धरून उठवलं. तो घास पोरानं गिळला की थुंकला, हे त्यांनी पाहिलं नाही. बिभीषण मात्र मान खाली घालून ताटापुढे बसून राहिला होता. लोक पुढे कितीतरी दिवस म्हणत, नेम असावा तर सोमलिंगप्पासारखा. त्यांना ते आवडायचं. खोटं कशाला बोला, लई आवडायचं.

किल्ल्याच्या दरवाजात चाँदपाशा वाट बघत उभा होता. बापाच्या वेळेपासून त्यांची अडत आणि याचे मळे यांचा संबंध. उंच, वाळका, दाढी मेंदीनं लाल, आणि किल्ला आपल्याच वाडवडलांनी बांधला अशा थाटात पाहुण्यांना दाखवणारा. "आओ आप्पा! जावईसाब, तुम्ही पुढं व्हा. इथनं बघायचं म्हंजे नुसतं बघत ऱ्हायचं." तो पुढे, त्याच्या मागे प्रश्न विचारणारा विरुपाक्ष, मग पदर सावरत महादेवी, मग शिदोरीचं टोपलं घेतलेली इरम्मा, आणि सगळ्यांच्या मागे सोमलिंगप्पा. कमानी आल्या, तट आले, तटातून उगवलेले पिंपळ आले. ऊन आश्विनातलं, डोक्यात शिरणारं. उपली बुरुजाच्या पायऱ्या एवढ्या उंच की गुडघ्यावर हात टेकून चढावं लागत होतं. मधेच कुठेतरी त्यांचे पाय थांबले. तोंड कोरडं पडलं होतं, जीभ टाळ्याला चिकटत होती. वरून विरुपाक्ष ओरडला, "मामा, या, या! तोफा आहेत! कमाल आहे हो!" तोफा आहेत तर आहेत, त्यांच्या मनात आलं. कोणीतरी एवढ्या वर ओढून नेल्या असतील, त्यांना किती दमायला झालं असेल.

वर वारा होता. चाँदपाशानं आपल्या मळ्यातली सीताफळं आणली होती, डोळे उघडलेली, हात लावला तर फुटतील अशी. विरुपाक्ष एकेक फोडून बिया तटाबाहेर उडवत होता आणि हैदराबादच्या बाजारातली सीताफळं यापुढे कशी काहीच नाहीत हे सांगत होता. एक फळ चाँदपाशानं सोमलिंगप्पांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते हातात धरलं, फिरवलं आणि तसंच खाली ठेवलं.

"क्या आप्पा, रोजा धरला का काय?" चाँदपाशा हसला. "आमची तर ईद झाली की आत्ता."

"पोट बिघडलंय, चाँदभाई."

"सीताफळानं काय होत न्हाय. लहान लेकराला देतेत."

"नको म्हटलं ना!" आवाज नको तेवढा चढला. महादेवीनं दचकून पाहिलं. चाँदपाशानं फळ उचलून घेतलं आणि पुष्कळ वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग तो जावयाला घेऊन दुसऱ्या तोफेकडे गेला. मैत्रीत एवढं कळतं. सोमलिंगप्पा तटाला टेकून बसले. खाली किल्ला पसरला होता, त्यापलीकडे बोरी नदी, पलीकडे ज्वारीची नुकती उगवलेली शेतं. लोक हे सगळं बघायला का येतात, ते त्यांना खरोखरच कळेना. जे मेले त्यांनी बांधलेलं, जे जगलेत त्यांनी बघायचं आणि मग जेवायचं.

दुपारी चिंचेखाली जेवणं झाली. इरम्मानं फडकं सोडलं. धपाटी, शेंगांची चटणी, दही, कांदा, वर गुळाची पोळी. वास आला तसं पोटातून काहीतरी वर चढलं. ती भूक नव्हती, नुसती कळ होती. खरी भूक त्यांना गेल्या सालापासून लागलेलीच नव्हती. ताट पुढे आलं म्हणून जेवायचं, संपलं म्हणून उठायचं. महादेवीनं पाण्याचा तांब्या दिला. नाही म्हटलं असतं तर पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. त्यांनी चूळ भरली, पाणी तोंडात घोळवलं, बाजूला जाऊन थुंकलं. जिभेवर थोडा ओलावा राहिला. तो गिळला गेला की काय, याचाही त्यांनी विचार केला आणि स्वतःचंच हसू आलं. वर्षभर ताटंच्या ताटं रिचवली आणि आता थुंकीचा हिशेब चालला होता.

मग त्यांना भीती वाटायला लागली, आणि ती भीती निराळीच होती. वर्षभर ते लिंगाशिवाय जेवले आणि काहीच झालं नव्हतं. अन्न अंगी लागलं होतं. तुरीच्या व्यवहारात फायदा झाला होता, पोरीचं लग्न झालं होतं, पाऊस वेळेवर आला होता. देव कोपला असता तर तो आहे असं तरी म्हणता आलं असतं. पण वर कोणाच्या लक्षातही आलं नसावं. आणि ज्या वेळी सगळं नेमानं चाललं होतं, रोज पूजा, रोज बेल, पंक्तीतून उठणंसुद्धा, त्याच आखाडात पोरगा गेला. मग कशाचा कशाशी संबंध? चिंचेच्या बुंध्याला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले. एक धपाटं घ्यावं आणि खाऊन टाकावं, असं वाटलं. कोण बघतंय? हात पुढे झालासुद्धा. तो इरम्मानं पाहिला. तिनं टोपलं त्यांच्याकडे सरकवलं नाही आणि मागेही ओढलं नाही, नुसती बघत राहिली. त्यांनी हात मागे घेतला.

उरलेला किल्ला त्यांनी अर्धवट झोपेत पाहिल्यासारखा पाहिला. नदीच्या बांधातल्या पाणीमहालात उतरताना विरुपाक्षनं त्यांना धरलं. "सावकाश, मामा." पोरगा चांगला होता. त्याचा हात जाड आणि ऊबदार होता. बांधावरून नर आणि मादी असे दोन्ही धबधबे सुटले होते, खालच्या सज्जात बसलं की समोर नुसता पांढरा पडदा आणि कानात एकच आवाज. तुषार तोंडावर येत होते. सोमलिंगप्पांनी ओठ घट्ट मिटून घेतले. एवढं पाणी समोर पडत होतं आणि ते ओठ मिटून बसले होते. विरुपाक्ष आणि महादेवी लहान पोरांसारखी हात बाहेर काढून भिजत होती. पोरगी हसत होती. भाऊ गेल्यापासून ती अशी मोकळी हसलेली त्यांनी पाहिली नव्हती. आपण हे खराब करायचं नाही. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

बिऱ्हाडी परत येईतो दिवस कलला होता. उंबरा ओलांडताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते भिंतीला धरून खाली बसले. विरुपाक्ष आणि महादेवी चाँदपाशाच्या घरी त्याच्या बायकोला, सरदारबीला, भेटायला वळली होती, हैदराबादच्या बांगड्या द्यायच्या होत्या. घरात दोघंच. इरम्मानं चूल पेटवली, पीठ मळायला घेतलं. पाणी प्या, असं ती म्हणाली नाही. काय होतंय, असंही विचारलं नाही. सगळ्या दिवसात तिनं हे एकदाही विचारलं नव्हतं, आणि ते त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"अगं," ते म्हणाले. "माझं लिंग हरवलंय."

इरम्मानं भाकरी थापली. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला. भाकरी वाकडी पडली नाही.

"कधी ध्यानात आलं?"

"सकाळी. डबी पडली. पर हरवलंय आधीच. कवा हरवलं त्ये ठाऊक न्हाय. म्या उघडलीच न्हवती."

"म्हाईत हाय मला."

"काय म्हाईत हाय?"

"न्हाय उघडली त्ये." ती तव्याकडे बघत बोलत होती. "रोज वाट बघायचे. आज उघडत्याल, उद्या उघडत्याल. उघडली की इचारत्याल, म्हंजी म्या सांगंन. तुमी उघडीतच न्हवता. हरवलं न्हाय त्ये. म्या काढलं."

सोमलिंगप्पांना वाटलं, तहानेनं आपल्याला भलतंच ऐकू येतंय.

"सिद्धूपाशी न्हवतं," ती म्हणाली. "हैदराबादला तळ्यात पवताना गेलं त्याचं. घरी आला त्या दिशी रातीच मला सांगितलं, रडत. म्हनला, अव्वा, आप्पाला सांगू नको, आप्पा पंक्तीतनं उठत्याल. म्या म्हनले, सोमवारी मठात जाऊ गुपचूप, स्वामीस्नी इनवू. सोमवारच्या आधीच तापला." भाकरी फुगली. तिनं ती उलथली नाही. "पोर गेलं. लोकं जमली, मठपती आला. न्हाऊ घातलं, भस्म लावलं, बसीवलं. आन् मठपती म्हनला, लिंग आना त्याचं, हातात द्यायचं. समदी माज्याकडं बघाया लागली. काय सांगू? तसंच पाठवू? येवढ्या लोकात सांगू, माज्या पोराजवळ न्हाय म्हनून? आत आले. तुमी तापात, सुद न्हवती तुमाला. उघडली डबी."

त्यांच्यात मेलेल्या माणसाला निजवत नाहीत. बसवतात, आणि जन्मभर गळ्यात वागवलेलं लिंग डाव्या तळहातावर ठेवून तसंच मातीत उतरवतात, म्हणजे तो पूजेला बसला तो बसलाच. सोमलिंगप्पांनी अशी किती माणसं उतरवली होती. स्वतःचं पोर तेवढं पाहिलं नव्हतं. आत्ता ते त्यांना दिसलं. भस्म लावलेलं कपाळ दिसलं, तापानं ओढलेलं तोंड दिसलं. पंक्तीतून उठवताना धरलेला दंड दिसला. आप्पाला सांगू नको. पोरानं मरताना बापाची भीती बाळगली होती आणि तो बाप दाराच्या पलीकडेच निजला होता. त्यांच्या घशातून आवाज निघाला, तो रडण्यासारखा नव्हता. इरम्मा उठून जवळ आली आणि त्यांच्या समोर खाली बसली. तिचे हात पिठाचे होते.

"पाप माज्या माथ्यावर," ती म्हणाली. "तुमाला जेवाया वाढत हुते रोज. उपाशी ठिवू का तुमाला, नुकतं तापातनं उठलेल्या माणसाला? उद्या मठात जाऊ. म्या सांगते स्वामीस्नी समदं. काय दंड करायचा त्यो मला करत्याल."

तव्यावर भाकरी करपत होती. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"कंच्या हातात?" सोमलिंगप्पांनी विचारलं. विचारायचं काही कारण नव्हतं.

"डाव्या. मूठ वळत न्हवती. म्या वळवली."

सोमलिंगप्पांनी मान हलवली. बराच वेळ ते नुसती मान हलवत राहिले. बाहेर बोलणं ऐकू आलं. महादेवी आणि विरुपाक्ष परतत होती, सरदारबीनं काय काय दिलं ते विरुपाक्ष मोजून दाखवत होता. इरम्मा डोळे पुसून उठली, करपलेली भाकरी तिनं बाजूला काढली आणि नवा गोळा घेतला.

"मामा, कसं आहे पोट?" विरुपाक्षनं दारातूनच विचारलं.

"बरं हाय आता," ते म्हणाले. "पाट मांडा. माझा बी मांडा."

इरम्माचा हात थबकला. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मग पोरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "तसंच? स्वामींकडं न जाता?"

"सिद्धूपाशी हाय न्हवं माझं?" ते तेवढ्याच हळू आवाजात म्हणाले. "मग मला अजून कशाला दुसरं? वाढ."

ती उभीच राहिली. तिला हे पटलं नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं. इतके दिवस हे ओझं तिनं एकटीनं वागवलं ते असं पाटावर बसून मिटवायला नव्हे. पण तिनं वाढलं. ताटात भाकरी, वांग्याची भाजी, दह्याचा गोळा. शेजारी जावई बसला होता, त्याच्या पलीकडे रिकामा पाट. सोमलिंगप्पा पाणी प्यायले, सगळा तांब्या एका दमात. मग घास मोडला. तोंडात घातल्यावर आधी काहीच चव लागली नाही, आणि मग एकदम सगळी लागली, मीठ, तिखट, भाकरीचा करपट पापुद्रा. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. महादेवी घाबरून आईकडे बघू लागली. विरुपाक्ष जेवायचा थांबला, त्याला काय करावं सुचेना. सोमलिंगप्पा खाली मान घालून जेवत राहिले. त्यांना भूक लागली होती. पोराला माती दिल्या दिवसापासून पहिल्यांदा त्यांना खरोखरची भूक लागली होती, आणि तिची लाज वाटत होती, आणि तरीही ती थांबत नव्हती. भाकरी संपली. त्यांनी ताट पुढे केलं आणि इरम्माकडे दुसरी मागितली.